मागूर-शिंगीची मासेमारी : कोणती रीत कायद्यात बसते?

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून ओढे वाहू लागले, की रात्री कंदील वा विजेरी घेऊन माणसे खाचरांच्या बांधांवर दिसू लागतात. कोकणात यास चढणीचे मासे धरणे असे म्हणतात. उथळ पाण्याचा प्रवाह दिसताच मागूर डोहातून निघून चढणीला लागतो आणि ओल्या जमिनीवरूनही थोडे अंतर सरपटत जातो. त्या रात्री जाळ्याची गरजही भासत नाही. टोपली, काठी किंवा नुसता हात पुरतो. उन्हाळ्यात डोह आटू लागले म्हणजे मात्र याच माशासाठी निराळे उपाय योजले जातात. कोणी पाण्यात तोटा उडवतो, कोणी तारेवर आकडा टाकून पाण्यात वीज सोडतो, तर कोणी फवारणीच्या औषधाची बाटली डोहात रिकामी करतो. यांपैकी कोणती रीत चालते व कोणती चालत नाही, याविषयी गावोगाव बरेच गैरसमज आढळतात. "ओढा आमच्या शेतातून जातो, तेव्हा मासे आमचेच" हा त्यांतील सर्वांत जुना, आणि "हाताने धरलेल्या माशाला कायदा कसला?" हा दुसरा. दोन्ही समजुती पूर्ण खऱ्या नाहीत.

माशाचा स्वभाव प्रथम

मागूर, शिंगी, शिंगाळा हे मिशा असलेले व अंगावर खवले नसलेले मासे होत. मागूर व शिंगी यांना कल्ल्यांखेरीज हवेतील प्राणवायू घेण्याचे वेगळे इंद्रिय असते. त्यामुळे जेथे रोहू व कटला तोंड वर काढून धापा टाकतात, अशा गढूळ व कोंदट पाण्यात हे मासे तग धरतात. पाणी आटले म्हणजे ते चिखलात शिरून राहतात. नेहमीचे जाळे चिखलातून ओढता येत नाही, पागही तेथे उपयोगी पडत नाही. मागूर-शिंगीच्या बाबतीत आडवाटेच्या रीती अधिक आढळतात, त्याचे मूळ येथे आहे. मासा जाळ्यात येत नाही, म्हणून माणूस पाण्यावरच घाला घालतो.

दुसरी गोष्ट प्रजननाची. देशी मागूर पावसाळ्यात उथळ पाण्यात, खाचरांच्या कडेच्या खळग्यांत व बिळांत अंडी घालतो आणि नर त्या घरट्यावर राखण करतो. ज्या काळात मागूर हाताशी सहज येतो, तोच त्याच्या वंशवाढीचा काळ असतो. राखणीवरचा नर उचलला, की उघड्या पडलेल्या अंड्यांचा फडशा इतर मासे व किडे पाडतात. हातात एकच मासा आला असे धरणाऱ्यास वाटते, परंतु पुढच्या वर्षीची वीण त्याबरोबर गेलेली असते.

पाणी कोणाचे?

मासेमारीच्या कायद्यात पहिला प्रश्न पाण्याच्या मालकीचा येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले, तळी यांचे तळ आणि सर्व वाहते पाणी, कोणा व्यक्तीची मालकी सिद्ध नसेल तर, शासनाच्या मालकीचे असते. सबब शेतातून ओढा वाहतो एवढ्यावरून त्यातील पाणी अथवा मासे शेतकऱ्याच्या मालकीचे होत नाहीत. स्वतःची विहीर व स्वतःचे शेततळे यांची गोष्ट वेगळी. ते खाजगी पाणी होय. तेथील मासे कोणी परस्पर नेले, तर बंदिस्त तळ्यातील मासे मालकाच्या ताब्यात समजले जात असल्यामुळे तो चोरीचा गुन्हा ठरू शकतो.

धरणांचे जलाशय व पाझर तलाव बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे कोणी, केव्हा व कोणत्या जाळ्याने मासे धरावयाचे हे ठेक्याच्या अटींवरून ठरते. गावच्या तळ्याबाबत ग्रामपंचायतीकडे चौकशी करावी. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्यान्वये लहान जलाशयांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद आहे. तेथील कातकरी, ठाकर, वारली, भिल्ल कुटुंबांना ओढ्यातील मासा हा पावसाळ्याच्या तोंडचा आधार असतो. ठेका देताना त्यांचा विचार न झाल्यास पुढील सर्व तंट्यांचे बी तेथेच पेरले जाते, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे.

राखीव जंगलातून वाहणाऱ्या ओढ्याला आणखी एक कायदा लागू होतो. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ मध्ये नियमांचे उल्लंघन करून मासे मारणे व पाण्यात विष घालणे या दोन्ही कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अभयारण्यात तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे 'वन्यजीव' या शब्दात मासेही मोडतात. तेथे गळ टाकण्यापूर्वीही परवानगीचा विचार करावा लागतो.

तोटा

आपल्याकडे विहीर खोदताना कातळ फोडण्यासाठी जिलेटिनच्या कांड्या व तोटे वापरण्याचा प्रघात आहे. त्यांतीलच एखादी उरलेली कांडी डोहात जाते. भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम, १८९७ च्या कलम ४ ने मासे मारण्याच्या हेतूने पाण्यात डायनामाइट अथवा इतर स्फोटक पदार्थ वापरणे हा गुन्हा ठरविला. त्या कलमाचे शब्द "कोणत्याही पाण्यात" असे आहेत. स्वतःच्या विहिरीत तोटा उडविला ही सबब त्यामुळे टिकत नाही. मूळ कायद्यात शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. पुढे राज्याने महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० केला. स्फोटके व विष यांनी मासे मारण्यास मनाई हे सूत्र त्यातही कायम राहिले.

दोनशे रुपयांचा आकडा ऐकून कोणी हसेल. परंतु प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. विनापरवाना स्फोटके संशयास्पद परिस्थितीत जवळ बाळगणे हा स्फोटक पदार्थ अधिनियम, १९०८ च्या कलम ५ खाली गंभीर गुन्हा असून त्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. विहिरीच्या कामासाठी परवानाधारकाने आणलेले तोटे दुसऱ्याच्या हाती गेले, तर परवानाधारकही अडचणीत येतो. त्यापलीकडे देहाचे मोल आहेच. वात ओली झाली म्हणून कांडी हातात धरून पाहणाऱ्याचा पंजा तुटतो, आणि त्यानंतर नांगराच्या रुमण्याला हात लावणे त्याच्या नशिबी राहत नाही. स्फोटाने मेलेले मासेही सर्व हाती लागत नाहीत. पुष्कळसे तळाशी बुडून कुजतात. पिल्ले व अंडी यांची तर गणतीच नाही.

आकडा

खवले नसल्यामुळे मागूर व शिंगाळा यांच्या अंगाला विजेचा धक्का लवकर बसतो, हा समज जगभर आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील ग्रामीण लोक एके काळी जुन्या हातदांड्याच्या टेलिफोनचे विद्युतयंत्र नावेत घेऊन जात, दोन तारा पाण्यात सोडत आणि दांडा फिरवून तळाचे मिशीवाले मासे वर आणीत. त्या रीतीला 'टेलिफोन करणे' असेच नाव पडले होते, आणि तेथील राज्यांनी ती बेकायदा ठरविली. आपल्याकडे टेलिफोनची जागा कृषिपंपाच्या वाहिनीने घेतली आहे. फरक असा, की त्या यंत्राचा धक्का क्षणिक व मर्यादित असे, तर वाहिनीतील वीज माणसाला सोडत नाही.

वाहिनीवर आकडा टाकणे ही वीज अधिनियम, २००३ च्या कलम १३५ प्रमाणे वीजचोरी होय. तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. स्वतःच्या मीटरवरून तार ओढली तर गुन्हा नाही, असे काहींना वाटते. परंतु ज्या कामासाठी जोडणी मंजूर झाली त्याहून वेगळ्या कामासाठी अप्रामाणिकपणे वीज वापरणे, हेही त्याच कलमात येते. पंपाची जोडणी पंपासाठीच असते. बॅटरीवर चालणारी साधने वापरणाऱ्यास वीजचोरीचे कलम लागणार नाही. तथापि अशा साधनाने पाण्यात उतरलेला दुसरा माणूस दगावला, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १०६ खाली हयगयीने मृत्यू घडविल्याचा खटला उभा राहतो व पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठेक्याच्या जलाशयात असे साधन नेल्यास ठेका हातचा जाण्याचे भय निराळेच.

डोहात वीज सोडलेली असता वरच्या अंगाला कोणी कपडे धूत आहे काय, एखादे गुरू पाणी पीत आहे काय, हे अंधारात कोणासही दिसत नाही. कार्यकर्त्यांनी हा मुद्दा कलमांच्या आधी सांगावा. ऐकणाऱ्याच्या मनाला तो लवकर पटतो.

विष, चुना आणि मोहाची पेंड

१८९७ च्या कायद्याचे कलम ५ विषासंबंधी आहे. मासे धरण्याच्या अथवा मारण्याच्या हेतूने कोणत्याही पाण्यात विष, चुना किंवा अपायकारक पदार्थ घालणे हा गुन्हा असून शिक्षा स्फोटकांइतकीच ठेवली होती. चुन्याचे नाव कायद्यात मुद्दाम घातलेले आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शिवाय जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, १९७४ चे कलम २४ जाणूनबुजून प्रवाहात वा विहिरीत विषारी पदार्थ जाऊ देण्यास मनाई करते. सार्वजनिक झरा किंवा जलाशय यांचे पाणी नासविणे हा न्याय संहितेच्या कलम २७९ खालीही गुन्हा होतो.

डोंगराळ भागात गेळफळ, कुंभ्याची साल, हिंगणाची फळे, शेराचा चीक अशा वनस्पतींनी मासे गुंगविण्याची रीत फार जुनी आहे. लहानशा कोंडीत, दगड लावून अडविलेल्या पाण्यात, सारा पाडा मिळून ती करीत असे. तिची बरोबरी आजच्या कीटकनाशकाशी करणे न्यायाचे होणार नाही. परंतु कायद्याच्या शब्दांत झाडपाल्याला सूट दिलेली नाही. कार्यकर्त्याने हे सांगताना दरडावणीचा सूर लावू नये. ज्यांचा हा पूर्वापार व्यवसाय, त्यांच्याशी पेंडीच्या विषाविषयी नव्हे तर डोहाच्या राखणीविषयी बोलावे. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड येथे देवीचे मासे म्हणून लोकांनी डोह राखला आहे. तेथे शिपाई उभा नाही. अशी राखणीची परंपरा अनेक ठिकाणी आहे, आणि डोंगरातील माणसाला ती कलमापेक्षा जवळची वाटते.

फवारणीच्या औषधाविषयी मात्र कोणतीही सवलत देऊ नये. त्याने मेलेला मासा खाणाऱ्याच्या पोटात तेच औषध जाते. खालच्या अंगाची गुरे तेच पाणी पितात, आणि ओढ्याकाठच्या विहिरीत तेच झिरपते.

येथे मत्स्यशेती करणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात एक रास्त शंका येईल. तळ्यात रोहू-कटल्याचे बीज सोडण्यापूर्वी शिंगाळा, मागूर, मरळ इत्यादी भक्षक मासे काढून टाकण्यासाठी मोहाची पेंड घालावी, असे मत्स्यतज्ज्ञच सांगतात. एक मीटर खोलीच्या पाण्यास हेक्टरी सुमारे २,५०० किलो, म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्यास अदमासे २५० किलो पेंड लागते. पेंडीतील सॅपोनिन हे द्रव्य माशांच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडते. दोन ते तीन आठवड्यांत तिचा विषारीपणा ओसरतो आणि पेंडीचे खत होते. मग हे विष घालणे नव्हे काय? शब्दशः पाहता कलमाचा वाचक अडखळेल. व्यवहारात भेद असा आहे, की हे काम स्वतःच्या बंदिस्त तळ्यात, बीज सोडण्याची पूर्वतयारी म्हणून केले जाते आणि ते पाणी बाहेर जाऊ दिले जात नाही. तरीही सुरक्षित मार्ग हाच, की मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला लेखी घ्यावा, तारीख व पेंडीचे वजन नोंदवून ठेवावे आणि तळ्याचा सांडवा आधी बंद करावा. पेंड घातलेले पाणी ओढ्यात गेले, तर तोच शेतकरी कलमाच्या कचाट्यात येईल. शेततळ्यात आम्लता कमी करण्यासाठी योग्य मात्रेत चुना घालण्याचा हेतू मासे मारण्याचा नसतो. कलम ५ मध्ये हेतूला महत्त्व आहे, ते अशा प्रसंगी उपयोगी पडते.

हात, काठी व बांध

आता पहिल्या पावसाच्या रात्रीकडे वळावे. नुसत्या हाताने, गळाने किंवा टोपलीने मासा धरणे १८९७ च्या कायद्याने सरसकट मना केलेले नाही. त्याच्या कलम ६ ने राज्य शासनाला नियम करण्याचा अधिकार दिला. ठराविक पाण्यात जमिनीत रोवलेले सापळे, प्रवाहाला घातलेले आडबांध, जाळ्यांचा प्रकार व आसांचे माप यांवर बंधने घालता येतात. एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी संपूर्ण बंदही करता येते. खाजगी पाण्याला हे नियम मालकाच्या लेखी संमतीशिवाय लागू होत नाहीत. सबब हाताने मासा धरणाऱ्याने विचारावयाचा प्रश्न "ही रीत चालते काय?" एवढाच नसून "या पाण्याला, या महिन्यात, कोणते नियम लागू आहेत?" असा आहे. स्वतःच्या खाचरात टोपली लावणे व सार्वजनिक ओढा काठापासून काठापर्यंत अडवून त्यात बांबूचा सापळा रोवणे, या दोन गोष्टी वेगळ्या होत. दुसऱ्या रीतीत वर चढणारा एकही मासा सुटत नाही. मच्छरदाणीचे कापड लावून पिल्ले गाळणे तर केवळ नुकसानीचे काम आहे. त्या पिल्लांचा कालवणालाही फारसा उपयोग नसतो.

हाताने मासे धरण्यावर कायदा कशाला हवा, असे कोणास वाटल्यास पुन्हा अमेरिकेचे उदाहरण घेता येईल. तेथे मोठा मिशीवाला मासा काठाच्या बिळात अंडी घालतो व नर राखण करतो. लोक पाण्यात उतरून बिळात हात घालतात आणि मासा हाताला चावला, की जबडा धरून त्यास बाहेर ओढतात. या रीतीस 'नूडलिंग' म्हणतात. टेक्सस राज्याने २०११ मध्ये तिला परवानगी दिली. शेजारच्या भागातील मिसूरी राज्याने २००५ मध्ये काही नद्यांवर प्रायोगिक हंगाम सुरू केला, परंतु वीण देणारे मोठे मासे जास्त प्रमाणात उचलले जातील या चिंतेमुळे २००७ मध्ये तो बंद केला. मासा तोच, हात तेच. एका राज्यात मुभा व दुसऱ्यात गुन्हा. नियम हा पाण्यागणिक बदलतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

आपल्या मागुराचीही गोष्ट घरट्याचीच आहे. खाचराच्या बांधातील बिळात हात घालून राखणीवरचा नर काढू नये. नियम असो वा नसो, ही काळजी ज्याच्या खाचरात मासा येतो त्यानेच घ्यावयाची आहे. शिवाय शिंगीच्या पाठीमागच्या नव्हे, तर कल्ल्यांजवळील दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असते. काटा रुतल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरावा, वेदना कमी होतात. सूज चढू लागल्यास दवाखाना गाठावा.

पंपाने डोह उपसून चिखलातील मागूर वेचणे हाही प्रकार वाढला आहे. ओढ्यातील डोह हा उन्हाळ्यात गुरांचा पाणवठा व माशांचा शेवटचा आसरा असतो. पाणी शासनाच्या मालकीचे असल्याने ते परवानगीवाचून उपसणे हाच आधी तंट्याचा विषय होतो, मासे त्यानंतर येतात.

परदेशी मांगूर

आफ्रिकी जातीचा मांगूर, ज्यास थाई मांगूर असेही म्हणतात, तो देशी मागुराहून फार मोठा वाढतो व इतर मासे खाऊन टाकतो. त्याचे पालन करण्यास देशात बंदी आहे. ओढ्यात वा जलाशयात तो सापडल्यास जिवंत ठेवून दुसऱ्या तळ्यात सोडू नये. शेततळ्यात त्याचे बीज स्वस्तात देऊ करणारा व्यापारी आल्यास मत्स्यव्यवसाय विभागास कळवावे. देशी मागूर मात्र निःसंशय पाळण्याजोगा आहे. बिहारने तर त्यास राज्यमासा म्हणून मान दिला आहे.

कार्यकर्त्याने काय करावे?

तोटा उडविणारा किंवा विष घालणारा समोर आढळला, तरी कार्यकर्त्यास अथवा गावकऱ्यांस त्याला मारहाण करण्याचा किंवा त्याची जाळी परस्पर हिसकावून घेण्याचा अधिकार नाही. १८९७ च्या कायद्याच्या कलम ७ नेही विनावॉरंट अटकेचा अधिकार पोलीस व शासनाने नेमलेल्या व्यक्तींनाच दिला होता, आणि तोही गुन्हा डोळ्यांसमोर घडला असून नाव-पत्ता मिळत नसेल अशा वेळी. यास्तव पोलीस ठाण्यास व तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यास ताबडतोब कळवावे. जागा, वेळ व पाहिलेली गोष्ट कागदावर लिहून ठेवावी.

डोहात मेलेले मासे तरंगताना दिसले, तर प्रथम खालच्या अंगाच्या वस्तीस दवंडी अथवा ध्वनिक्षेपकाने सूचना द्यावी. गुरे त्या पाण्यावर सोडू नयेत. काठच्या विहिरीचे पाणी तपासणी होईपर्यंत पिण्यास वापरू नये. स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना भरून, बाटलीवर तारीख व जागा लिहून ती संबंधित अधिकाऱ्याच्या हवाली करावी. औषधाची रिकामी बाटली काठावर पडलेली असल्यास तिला उघड्या हाताने स्पर्श न करता ती जागच्या जागी दाखवावी. मेलेले मासे गोळा करून बाजारात नेले जात नाहीत ना, इकडे लक्ष ठेवावे. पंचनामा झाल्यावर ते पाण्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरून टाकावेत.